साडेतीन लाखांचे भूत

हिंदी सिनेमाच्या धंद्यात भारताचा एक वेगळाच नकाशा चालतो. त्यात राज्ये नसतात, टेरिटरी असतात : बॉम्बे, दिल्ली-यूपी, सी. पी. बेरार, राजस्थान, निजाम. बीड जिल्हा या नकाशात निजाम टेरिटरीत मोडतो. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला संपले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण सिनेमाचे हक्क विकताना बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद ही नावे तेलंगणाच्या जोडीनेच येत राहिली. त्यात बीड शहराला रेल्वे नव्हती. परळीला जुने जंक्शन होते, पण जिल्ह्याच्या मुख्य गावाला आगगाडी मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. सिनेमाच्या रिळांची पेटी इकडे यायची ती एस.टी.ने नाहीतर ट्रकने. मुंबईत सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत भुतांचे सिनेमे काढणारे रामसे बंधू सांगत असत, की आपला प्रेक्षक रेल्वेसुद्धा थांबत नाही अशा गावांत आहे. बीडचे नाव घेऊन त्यांनी हे म्हटले नसेल, पण हे वर्णन तेव्हाच्या बीडला जितके लागू पडत होते तितके महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्हा-ठिकाणांना लागू पडत असेल.

युरोपात आणि अमेरिकेत ज्याला ‘एक्स्प्लॉयटेशन सिनेमा’ म्हणतात त्याचा आपल्याकडचा सर्वांत सलग आणि सर्वांत टिकलेला नमुना म्हणजे रामसेंचे सिनेमे. मोठा नट नाही, मोठे बजेट नाही, तेव्हा भीती, रक्त, उघडे अंग अशी एखादी गोष्ट पोस्टरवर ठळक मांडायची आणि तेवढ्या आश्वासनावर तिकीट विकायचे, ही या सिनेमाची रीत. इंग्लंडमधली हॅमर कंपनी, इटलीतला मारिओ बाव्हा, स्पेनचा जेस फ्रँको ही त्यातली मोठी नावे. अशा सिनेमांना आपल्याकडे सरसकट ‘टुकार’ म्हणून बाजूला सारले जाते. मला ते चुकीचे वाटते. या सिनेमांत जे दिसते आणि जे दिसत नाही त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट हिशेबातून आलेली आहे. तो हिशेब शेवटी बीडसारख्या गावांतल्या तिकीटबारीवर जमणाऱ्या पैशाशी जुळवलेला होता. म्हणून हा सिनेमा कसा तयार झाला हे समजून घेणे म्हणजे आपल्याच भागाचा सांस्कृतिक इतिहास वाचणे आहे.

सुरुवात अपयशातून झाली. कुटुंबप्रमुख एफ. यू. रामसे हे मूळचे रामसिंघानी, कराचीतले रेडिओचे व्यापारी. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडात बसेना म्हणून आडनावाचे ‘रामसे’ झाले. फाळणीनंतर ते मुंबईला आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा विजेच्या वस्तूंचे दुकान थाटले आणि सिनेमात पैसा घालू लागले. ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’ (१९५४), ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) आणि ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हे त्यांचे चित्रपट. यातला शेवटचा आपटला. पण त्यात एक प्रसंग होता : पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात. एरवी ओस पडलेल्या थिएटरात तेवढ्या प्रसंगासाठी लोक येतात आणि तो संपला की उठून जातात, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी हेरले. वडिलांपुढे त्यांनी सरळ प्रस्ताव ठेवला, की लोक दहा मिनिटांच्या भीतीसाठी तिकीट काढत असतील तर पूर्ण सिनेमाच भीतीचा का करू नये? मुखवट्याच्या मागे पृथ्वीराज कपूर आहेत याने प्रेक्षकाला फरक पडत नव्हता. मुखवटाच स्टार होता, आणि मुखवट्याला मानधन द्यावे लागत नाही.

मग आला ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२). त्याचा खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आणि चित्रीकरण सुमारे चाळीस दिवसांचे, असे सांगितले जाते. युनिट महाबळेश्वरला गेले, तिथल्या विश्रामगृहात सगळे एकत्र राहिले आणि तिथेच चित्रण झाले. सेट लावला नाही. राहायची जागा हाच सेट. सात भावांनी कामे वाटून घेतली होती : कुमारकडे लेखन, तुलसी आणि श्यामकडे दिग्दर्शन, गंगू आणि केशूकडे कॅमेरा, अर्जुनकडे संकलन, किरणकडे ध्वनी. जोसेफ मॅसेली या अमेरिकी छायालेखकाचे कॅमेऱ्याच्या तंत्रावरचे पुस्तक हीच त्यांची शाळा. आई आणि घरच्या सुना युनिटचा स्वयंपाक करत, कपडेपट सांभाळत, मेकअपला हात लावत. साडेतीन लाखांचा आकडा छोटा दिसतो, कारण यातली बहुतेक मजुरी त्यात लिहिलेलीच नाही.

चाळीस दिवसांचे मोल कळायला त्या काळचा सिनेमा कोणाच्या पैशावर उभा राहत असे ते पाहिले पाहिजे. सिनेमाला उद्योगाचा दर्जा मिळाला तो १९९८ मध्ये. तोवर बँका निर्मात्याला दारात उभे करत नसत. पैसा खासगी सावकाराचा, व्याज महिन्याच्या बोलीचे. समजा दर दरमहा शेकडा तीन रुपये धरला, तर साडेतीन लाखांवर महिन्याला साडेदहा हजार रुपये व्याज चढते. मोठ्या नटांच्या तारखा तुकड्यातुकड्याने मिळवत सिनेमा दोन वर्षे रेंगाळला तर निव्वळ व्याज अडीच लाखांवर जाते. तेच चित्रीकरण चाळीस दिवसांत उरकले तर त्या दिवसांचे व्याज चौदा हजार. म्हणजे स्वस्त सिनेमा स्वस्त होतो तो वेळेत. ज्या नटाच्या तारखा सलग मिळतात तोच नट घ्यायचा, ज्या जागेवर रात्रंदिवस ताबा आहे तीच जागा निवडायची, आणि कथा अशी बेतायची की ती त्या जागेबाहेर जाणारच नाही. वाड्यात अडकलेली माणसे ही भयकथांची कल्पना जगभर का सापडते, याचे एक कारण व्याजाच्या वहीत आहे.

दुसरा खर्च फिल्मचा. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. सव्वादोन तासांच्या सिनेमाला बारा हजार दीडशे फूट लागते. एकेका शॉटचे दहा-दहा टेक घेणारा दिग्दर्शक सव्वा लाख फूट रंगीत फिल्म जाळेल. तीन टेकांत भागवणारा छत्तीस हजारांत काम उरकेल. कच्ची फिल्म परदेशातून यायची आणि सहज मिळायची नाही. म्हणून अशा सिनेमात तालीम जास्त आणि टेक कमी. संवाद तर जागेवर ध्वनिमुद्रित करायचेच नाहीत, कारण कॅमेराच घरघरता. सगळा आवाज नंतर डबिंगच्या खोलीत भरायचा. इटलीतही त्या काळी हीच पद्धत होती. तिथे एकाच सिनेमात तीन देशांचे नट आपापल्या भाषेत बोलत आणि मागाहून एका भाषेत आवाज चढवला जाई. गरजेपोटी आलेल्या या रीतीने भयपटाला त्याचे सर्वांत धारदार हत्यार दिले. दाराची करकर, वाऱ्याची शीळ, कोल्ह्याची कुई, जड पावलांचा आवाज हे सारे नंतर घालता येते, कितीही वेळा घालता येते आणि त्याला फिल्मचा एक फूटही जास्त लागत नाही. भूत दाखवायला मुखवटा लागतो, रंगभूषा लागते, उजेड लागतो. भूत ऐकवायला बिजागरी पुरते.

एखादा प्रसंग जवळून पाहिला म्हणजे हे नीट उमजते. रात्री एक मुलगी मेणबत्ती घेऊन बोळकांडातून चालते आहे. प्रकाशयोजना अशी : एका टोकाला निळ्या कागदातून दिवा, तो चंद्रप्रकाश. दुसऱ्या टोकाला दाराआडून लाल किंवा हिरवा, त्याचे कारण विचारायचे नाही. मधला पट्टा काळोखाचा. तो काळोख फुकट असतो आणि त्याच्या पोटात रंग उडालेली भिंत, सामान नसलेली खोली, उघड्या वायरी सगळे लपते. धूर सोडला की उरलेली रिकामी जागाही भरून येते. कॅमेरा पुढे नेण्यासाठी रूळ टाकायचे तर दोन माणसे आणि तासभर वेळ जातो. त्याऐवजी झूम लेन्सने मुलीच्या चेहऱ्यावर झेप घ्यायची. जेस फ्रँकोच्या सिनेमांत झूमचा जो सोस दिसतो त्याच्या मुळाशीही हीच बचत आहे. आणि मारिओ बाव्हाने ‘तेर्रोरे नेल्लो स्पात्सिओ’ (१९६५) या सिनेमात परका ग्रह उभा केला तो दोन प्लास्टिकचे खडक, आरसे आणि धूर यांच्या जोरावर, असे तोच सांगत असे. खडक हलवायचे, आरशात त्यांची संख्या वाढवायची, उरलेले रंगीत धुक्यात बुडवायचे. महाबळेश्वरात धुके तर आयतेच होते.

कथाही या हिशेबाला बांधलेली असते. ‘पुराना मंदिर’ (१९८४) हा रामसेंचा सर्वांत गाजलेला सिनेमा. त्यातला राक्षस सामरी याचे मुंडके एका पेटीत बंद आहे आणि धड दुसरीकडे पुरलेले. राजघराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल असा त्याचा शाप आहे. आता या कल्पनेत एक मोठी सोय दडली आहे. राक्षस दोन तुकड्यांत असल्याने तो पुरा उठेपर्यंत सिनेमा निम्म्याहून जास्त सरतो. तोवर सावल्या, पेटी, भिंतीवरचे चित्र आणि शाप यांवरच भीती पेलली जाते. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे रुडकीला शिकलेले अभियंता. त्यांची अंगची उंची आणि चेहऱ्याची ठेवण यांनी जे साधले ते मुखवट्याने साधले नसते. पुढे ‘बँडिट क्वीन’मध्ये बाबू गुज्जर होऊन तेच आले आणि तिथे कसलाही शाप नसताना त्यांची धास्ती वाटली. ‘पुराना मंदिर’मध्ये नगरचे सदाशिव अमरापूरकरही आहेत, ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीनंतर वर्षभरातले. मराठी रंगभूमीवर कसलेल्या नटाला या सिनेमात पाय ठेवताना कमीपणा वाटला नाही, ही नोंद करून ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

आता तिकीटबारीकडे येऊ. निर्माता सिनेमा थेट थिएटरला देत नसे. टेरिटरीप्रमाणे वितरकाला विकत असे. वितरक त्याला ‘मिनिमम गॅरंटी’ देई, म्हणजे सिनेमा चालो वा न चालो, ठरलेली रक्कम निर्मात्याची. त्यातला काही भाग आगाऊ मिळे आणि त्यावर पुढचे चित्रीकरण चाले. ऊसतोडीची उचल माहीत असलेल्या बीडच्या वाचकाला हा व्यवहार फोड करून सांगायला नको. उचल घेतली की हंगाम बांधला गेला. गॅरंटी घेतली की सिनेमा बांधला गेला. वितरकाने पैसे मोजले ते भुताचे आणि गाण्यांचे, तेव्हा तितकी भुते आणि तितकी गाणी द्यावीच लागतात. मोठ्या स्टारच्या सिनेमाला मुंबई, दिल्लीच्या ‘ए’ सेंटरवर पैसा वसूल करावा लागे. रामसेंचा खर्च इतका कमी, की ‘बी’ आणि ‘सी’ म्हणजे लहान गावांतल्या सेंटरच्या मॅटिनीवर, शेवटच्या खेळावर, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीवरही तो निघे. प्रिंटा मोजक्या काढायच्या आणि गावोगाव फिरवायच्या. मुंबईत नवा असलेला सिनेमा तालुक्याला पोचेपर्यंत प्रिंटवर रेघांचा पाऊस पडत असे, तुटलेली फिल्म जोडताना संवाद गिळला जात असे. प्रेमकथेचे यात नुकसान होते. भयपटाचे फारसे होत नाही. अचानक उडी मारलेले दृश्य दचकवतेच.

पण स्वस्त असणे म्हणजे चालणे नव्हे. स्वस्त आणि पडलेले सिनेमे ढिगाने आहेत. मराठवाड्यासारख्या भागात ही भुते रुजली याला आणखी एक कारण असावे असे मला वाटते, आणि ते गढीत आहे. या भागातल्या कितीतरी गावांत पांढऱ्या मातीची गढी असते : ढासळलेले बुरूज, आत बाभळी माजलेल्या, कुठेतरी बुजलेली विहीर आणि तळघर. तिथे धन आहे, त्यावर नाग बसला आहे, अमावास्येला दिवा दिसतो, अशा गोष्टी गावात चालत आलेल्या. १९४९ मध्ये हैदराबाद राज्यात जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला आणि गढीतली सत्ता उतरणीला लागली. माणसे शहरात गेली, भिंती राहिल्या. रामसेंच्या सिनेमात काय असते? एक ठाकूर, त्याची ओसाड हवेली, पूर्वजाने केलेला कोणावर तरी जुलूम, आणि त्याची फेड करायला उठलेले प्रेत. मुरूडच्या नवाबाचा राजवाडा पडद्यावर हवेली होऊन येत असला, तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे आपल्या गावची गढी येणे अगदी साहजिक होते. त्या भिंतींमागे काय घडले हे त्याच्या आज्याने पाहिलेले किंवा सोसलेले असे. मालकाच्या पापाचा हिशेब जमिनीखालून कोणीतरी मागतो, ही गोष्ट त्याला परकी नव्हती. दो गज जमिनीच्या खाली काय पुरले आहे, हा प्रश्न गावोगाव होता.

थिएटर नसलेल्या गावांत सिनेमा जत्रेबरोबर येई. ट्रकमध्ये मावणारे थिएटर : तंबू, पडदा, प्रोजेक्टर, जनरेटर आणि भोंगे. महाराष्ट्रातल्या या टुरिंग टॉकीजची अखेरची वर्षे शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात कान महोत्सवापर्यंत गेली. तंबूत भयपट पाहणे आणि दगडी थिएटरात पाहणे यांत फरक आहे. तंबूचे कापड वाऱ्याने फडफडते, बाहेर खरा अंधार असतो, कुत्री खरी ओरडतात आणि खेळ सुटल्यावर बैलगाडीने नाहीतर पायी शिवारातून घरी जायचे असते. निर्मात्याने एक पैसाही न घालता प्रत्येक खेळाला हा साज चढत होता. भोंग्यातून येणारा फाटका आवाज आणि जनरेटरची धडधड यांत संवाद विरून जात, किंकाळी मात्र पोचत असे. तुलसी-श्याम यांनी सिनेमा करताना हा तंबू डोळ्यापुढे ठेवला होता की नाही हे गौण आहे. तंबूने निवडून जे सिनेमे पुन्हा पुन्हा लावले, त्यांच्यासारखेच सिनेमे पुढे निघाले.

या सिनेमांवरचा पहिला आक्षेप बाईच्या देहाचा आहे आणि तो टाळता येणार नाही. अंघोळीचे दृश्य, ओली साडी, ‘वीराना’च्या (१९८८) पोस्टरवरचे नायिकेचे विभ्रम हे कथेसाठी नव्हते, गॅरंटीसाठी होते. युरोपातही हेच; सत्तरच्या दशकात हॅमरचे सिनेमेही या वाटेला लागले. इथे कलेचा आडोसा घेणे मला मान्य नाही. ज्या हिशेबाचे मी इतका वेळ कौतुक केले त्याच हिशेबाने नायिकेचे अंग ‘फुकटात मिळणारी वस्तू’ म्हणून मांडले, धुक्यासारखे आणि काळोखासारखे. शिवाय पडद्यामागे चुलीपाशी बसलेल्या सुनांची मजुरी कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि उचल नवऱ्याच्या हाती पडते; तिच्या अर्ध्या कोयत्याची वेगळी नोंद होत नाही. कुटुंबाच्या बळावर स्वस्तात उभे राहणाऱ्या प्रत्येक धंद्याला ही लागलेली कीड आहे. म्हणून या सिनेमांचा इतिहास लिहायचा तर दिग्दर्शकांच्या नावांइतक्याच बारकाईने त्या न लिहिलेल्या मजुरीचा आणि पोस्टरावरच्या मुलींचा लिहावा लागेल. सिनेमा टुकार ठरवून फेकून दिला तर हा हिशेबही त्याच्याबरोबर पुसला जातो.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. ज्या महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे त्रिशुळाने राक्षस मारणाऱ्या सिनेमाची भलामण करावी का? या सिनेमांतला शेवट बहुधा देवाच्या चिन्हानेच होतो, मांत्रिकाला त्यात मान असतो, हे खरे आहे आणि ते मला खटकते. पण बुवा आणि भयपट यांत एक मोलाचा भेद आहे. बुवा भीती घालतो आणि ती घरापर्यंत पोचवतो, उतारा त्याच्याकडेच असतो, पैसे पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. सिनेमा भीतीचे तिकीट आधी घेतो, ठरलेल्या वेळेला ती संपवतो आणि दिवे लावतो. तिकीट काढून घाबरायला आलेला माणूस, शेजारच्याच्या किंकाळीवर हसणारा माणूस, भीतीकडे थोडे अंतर राखून पाहायला शिकत असतो. कायद्यानेही बंदी घातली आहे ती फसवणुकीवर आणि अघोरी कृत्यांवर, गोष्टीवर नाही. गढीतल्या नागाची गोष्ट सांगणारी आजी आणि धन काढून देतो म्हणणारा भोंदू यांना एका मापाने मोजता येत नाही.

तिसरा आक्षेप नकलेचा. ‘महाकाल’मध्ये अमेरिकी ‘नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) उघड दिसतो, ‘बंद दरवाजा’मध्ये (१९९०) ड्रॅक्युला. मोहन भाकरी, विनोद तलवार यांच्यासारख्यांनी मग रामसेंचीच नक्कल केली. हे सगळे कबूल. पण ड्रॅक्युला युरोपातून ठाकुराच्या हवेलीत येताना बदलतो. तो सरदार राहत नाही. खाली दडपलेला, सूड घ्यायला आलेला होतो, आणि त्याला मारायला पाद्री नसतो, गाव असते. हातात मशाली घेतलेला जमाव हे रामसेंच्या शेवटांचे ठरलेले चित्र आहे. मशालींच्या उजेडात दिव्यांचा खर्चही वाचतो, आणि पडद्यावर गाव दिसते. मला वाटते, तंबूतल्या पब्लिकला तिथे स्वतःचा चेहरा दिसत होता.

हा धंदा संपला तोही हिशेबानेच. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, मग केबल. रामसेंनी वारे ओळखले आणि १९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’ सुरू केला. भूत घरात आले, दर आठवड्याला, तिकिटाशिवाय. तंबूला आता काय विकायचे उरले? त्याच वर्षी महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला, त्यात रामदास पाध्ये यांच्या हातचा तात्या विंचू भीतीला हसण्याच्या वाटेने घेऊन गेला. पण काटकसरीची ती विद्या मेली नाही. मालेगावात नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात सायकलवर बसवलेला कॅमेरा आणि क्रेन म्हणून वापरलेली बैलगाडी दिसते. बैलगाडीची दांडी उचलली की कॅमेरा वर जातो. महाबळेश्वरच्या विश्रामगृहातला हिशेब तो हाच.

बाव्हाचे सिनेमे आज युरोपात मूळ निगेटिव्हवरून स्वच्छ करून दाखवले जातात, त्यांच्या रंगांवर अभ्यास होतो. रामसेंचे सिनेमे आपल्यापैकी बहुतेकजण इंटरनेटवरच्या फिकट व्हिडिओ प्रतीत पाहतात आणि त्या फिकेपणालाच त्यांचा दर्जा समजतात. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, फिल्म टिकवायला लागणारी थंड आणि कोरडी कोठारे तिथे आहेत. निजाम टेरिटरीत फिरून फिरून झिजलेल्या प्रिंटांपैकी एखादी कुठल्या थिएटरच्या माळ्यावर, कुठल्या तंबूवाल्याच्या पेटीत पडलेली असेल तर ती तिथवर पोचली पाहिजे, आणि लवकर. त्या काळच्या ईस्टमनकलर फिल्मवरचे रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. पुष्कळ प्रिंटांत निळसर रंगद्रव्य आधी जाते, लालसर मागे राहते. अशा प्रिंटचा तुकडा उन्हाकडे धरून पाहिला तर निळ्या कागदातून उजेड सोडून केलेली महाबळेश्वरची रात्र आता गुलाबी दिसते, आणि मेणबत्ती धरलेली ती मुलगी भरदिवसा चालल्यासारखी.